टाउपोचा ट्राउट: तळ कोणाचा, मासा कोणाचा?

न्यूझीलंडच्या टाउपो सरोवरावर गाइड घेऊन ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे जाणाऱ्याला दोन गोष्टींचे नवल वाटते. देशभर चालणारा मासेमारीचा परवाना इथे चालत नाही, टाउपोचा वेगळा काढावा लागतो. आणि सरोवराच्या काठावर बसूनही हॉटेलच्या मेनूत ट्राउट सापडत नाही. ऑकलंडहून सुट्टीला जाणाऱ्या मराठी मंडळींनाही हा अनुभव येतो. स्वतः धरलेला मासा नेऊन दिला तर काही ठिकाणी तो शिजवून देतात, पण विकत मिळणार नाही, कारण ट्राउटची खरेदी-विक्री त्या देशात बेकायदा आहे.

दुसऱ्या नियमाचे कारण सरळ आहे. ब्रिटनमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी मायदेशी चांगल्या नद्या जमीनदारांच्या ताब्यात पाहिल्या होत्या. नव्या देशात मासा सर्वांचा असावा आणि कोणी त्याचा धंदा करू नये, असे त्यांनी ठरवले. पहिल्या नियमाचे मूळ मात्र 1926 च्या एका कायद्यात आहे. तो कायदा नीट समजून घेतल्याशिवाय तिथल्या गाइडच्या तोंडी असलेल्या 'वाइल्ड ट्राउट', म्हणजे रानटी ट्राउट, या शब्दांचा अर्थच लागत नाही.

सरोवर आहे सुमारे 616 चौरस किलोमीटरचे. ते महाप्रचंड ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी आहे. मोठा उद्रेक पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, तर शेवटचा भीषण उद्रेक साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा. काठावर आजही पाण्यावर तरंगणारे हलके, सच्छिद्र दगड हाताला लागतात. सरोवराचे पाणी वायकाटो नदीतून बाहेर पडते आणि थोड्याच अंतरावर हुका धबधब्यावरून कोसळते. हा धबधबा चढणे ईल माशाला जमले नाही, त्यामुळे टाउपोत मोठा शिकारी मासा नव्हताच. होते ते कोआरो, म्हणजे बोटाएवढे, खवले नसलेले, थव्याने फिरणारे मासे. शिवाय तळाशी राहणारे छोटे मासे, गोड्या पाण्यातल्या शिंपल्या आणि कोउरा हा झिंगेवजा प्राणी.

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी; त्यांच्यातल्या काठावरच्या तूफारेतोआ जमातीचे पोट या सगळ्यावर चालत असे. कोउरा धरायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. नेच्याच्या पानांच्या जुड्या एका लांब दोरीला ओळीने बांधायच्या आणि तळाशी सोडून काही आठवडे विसरून जायचे. कोउरा त्या पानांत घर करतात. मग होडीतून एकेक जुडी हळूच वर घ्यायची, खाली विणलेली चटई धरायची आणि जुडी झटकायची. कुठली जुडी कोणत्या घराण्याची, कुठल्या खडकाजवळची जागा कोणाची, हे ठरलेले असे. पाण्याखालच्या जागांनाही धनी होते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

तपकिरी ट्राउट सरोवरात आला 1886-87 च्या सुमारास. ब्रिटनमधून अंडी 1864 मध्ये टास्मानियात पोचली, तिथून 1867 पासून न्यूझीलंडमध्ये, आणि मग वीसेक वर्षांनी इथे. 1887 मध्येच तूफारेतोआच्या प्रमुखाने टोंगारीरो पर्वताची शिखरे सरकारच्या स्वाधीन केली आणि त्यातून देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. एकाच काळात जमातीकडून पर्वत गेले आणि जमातीच्या पाण्यात परका मासा आला. हा योगायोग इतिहास सांगताना क्वचितच नोंदवला जातो, म्हणून इथे नोंदवतो. कॅलिफोर्नियातून आणलेल्या वंशाचा रेनबो ट्राउट त्यानंतर दहा-बारा वर्षांनी सोडला गेला.

ट्राउटला इथे रान मोकळे मिळाले. कोआरोला अशा शिकाऱ्यापासून पळण्याची सवयच नव्हती. 1910 च्या आसपास दहा पौंडांचा मासा ही टाउपोत रोजची गोष्ट होती. मग व्हायचे तेच झाले. कोआरो संपत आले, ट्राउट उपाशी पडले आणि लांब डोक्याचे, सडपातळ मासे गळाला लागू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने स्वतः जाळी टाकून ट्राउटची संख्या कमी केली, तेव्हा कुठे उरलेले मासे पुन्हा भरले.

माओरींच्या ताटातला मासा ट्राउटने खाल्ला होता. आता ट्राउट धरायचा तर परवाना हवा, आणि परवान्याविना धरला तर दंड. हे लिहिताना तटस्थ राहणे मला जमत नाही.

पण जमिनीचा मुद्दा सरकारला सोपा नव्हता. परवाना मासा धरण्याचा हक्क देतो, कोणाच्या जमिनीतून जाण्याचा नाही. टोंगारीरो नदीचे आणि सरोवराला मिळणाऱ्या इतर नद्यांचे काठ मोठ्या प्रमाणावर माओरींच्या मालकीचे होते. ते वाट सोडण्याचे पैसे घेऊ लागले. सरोवराचा तळ कोणाचा, हाही प्रश्न उघडाच होता. इंग्रजी कायद्याच्या रीतीने पाहिले तर ज्याचा तळ त्याचा त्या पाण्यातल्या मासेमारीवर हक्क, आणि ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या 1840 च्या वाइतांगी करारात माओरींना त्यांच्या मासेमारीच्या जागांचा अबाधित ताबा लिहून दिलेला होता. सात-बारा पाण्याखाली लिहिलेला नसतो, पण टाउपोच्या बाबतीत तो कोणाचा हे काठावरच्या प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ होते.

शेजारच्या रोटोरुआ भागातल्या सरोवरांबाबत 1922 मध्ये तडजोड झाली होती: तळ सरकारकडे, मोबदल्यात तिथल्या जमातीला वर्षाला 6,000 पौंड. 1926 मध्ये तोच साचा टाउपोला लावला गेला. त्याच वर्षी एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीकाराने टोंगारीरोवर गळ टाकला आणि जगभरच्या हौशी लोकांची नजर इकडे वळली. म्हणजे या पाण्याला भाव चढत असतानाच त्याची मालकी बदलली.

कायद्याने सरोवराचा तळ आणि हुका धबधब्यापर्यंतचा वायकाटोचा तळ सरकारचा झाला. सरोवराभोवती आणि ठरलेल्या नद्यांच्या काठाने एक साखळी, म्हणजे सुमारे 20 मीटर रुंदीचा पट्टा परवानाधारकांच्या वहिवाटीला खुला झाला. बदल्यात जमातीच्या विश्वस्त मंडळाला वर्षाला 3,000 पौंड, आणि परवाने, छावण्या व दंड यांचे उत्पन्न 3,000 च्या वर गेले तर वरच्या रकमेतला अर्धा वाटा. टाउपोचा परवाना आजही वेगळा आहे तो या वाट्यामुळे. देशात इतरत्र ट्राउटचा कारभार परवानाधारकांनी निवडलेल्या प्रादेशिक परिषदांकडे आहे, इथे तो थेट सरकारी निसर्गसंवर्धन खात्याकडे राहिला.

हा सौदा होता की सक्ती, यावर अजून एकमत नाही. सरकारी बाजू सांगते की बोलणी झाली, प्रमुखांनी मान्यता दिली, पैसा दरवर्षी पोचला आणि मासेमारी वाढली तसा वाटाही वाढला. तेही खरे आहे. जमातीच्या बाजूने विचारले जाते ते एवढेच: प्रश्न काठाने चालण्याच्या वाटेचा होता, मग तळ कशाला हवा होता? मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. वाट हवी असलेल्याला वहिवाट पुरते, त्याला घराचा पाया लागत नाही. आणि ज्या घराण्यांची जुडी ज्या खडकाजवळ होती, त्यांना वैयक्तिकरीत्या काय मिळाले, याचे उत्तर मंडळाच्या नावाने येणाऱ्या एका रकमेत नाही.

पुढच्या काळातली मोठी घटना म्हणजे 1930 च्या दशकात सोडलेले स्मेल्ट नावाचे चंदेरी छोटे मासे. ते ट्राउटचे खाद्य म्हणून आणले गेले आणि टिकले. आजचा टाउपोतला ट्राउट मुख्यतः त्यांच्यावर जगतो. कोआरोला मात्र आणखी एक वाटेकरी मिळाला.

आता 'वाइल्ड' या शब्दाकडे येऊ. गाइडच्या तोंडी त्याचा अर्थ नेमका आहे: सरोवरातला ट्राउट मत्स्यबीज केंद्रातून आणून सोडलेला नाही. तो हिवाळ्यात टोंगारीरोसारख्या नद्यांत वर चढतो, तिथल्या खडीत अंडी घालतो आणि बोटुकली मोठी होऊन सरोवरात उतरतात. एखाद्या तळ्यात सोमवारी बीज सोडून शनिवारी गळ टाकणे आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या अर्थाने शब्द खरा आहे आणि गाइडला त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे.

पण न्यायालयात या माशाची ओळख वेगळी ठरली. दुसऱ्या एका नदीवर परवान्याविना ट्राउट धरल्याबद्दल एका माओरी माणसावर खटला झाला, तेव्हा त्याने पारंपरिक हक्काचा आधार घेतला. 1999 मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने सांगितले की ट्राउट हा कायद्याने आणलेला आणि कायद्यानेच राखलेला मासा असल्याने माओरींच्या पारंपरिक मासेमारी हक्कात तो बसत नाही. एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले: हक्क त्या पाण्यातल्या मासेमारीचा आहे, माशाच्या जातीचा नाही. मला अल्पमतच पटते. ज्या माशाने मूळचा मासा संपवला, तो परका म्हणून हक्काबाहेर ठेवायचा आणि पर्यटकासमोर तोच इथला रानटी मासा म्हणून मांडायचा, यात न्याय दिसत नाही.

टाउपोच्या तळाचा प्रश्न त्याआधी बराच पुढे गेला होता. 1992 च्या करारनाम्याने तळ पुन्हा तूफारेतोआ जमातीच्या नावावर झाला. लोकांना सरोवरात मोफत वावरण्याची मुभा मात्र कायम राहिली. 2007 मध्ये करार नव्याने लिहिला गेला. 2018 च्या स्वतंत्र कायद्याने जुन्या अन्यायांबद्दल सरकारची माफीही नोंदली गेली.

आज गाइडची बोट उजाडायच्या आत निघते. फिकट, हलक्या दगडांचा उथळ काठ जिथे एकदम निळ्या खोलीत तुटतो, त्या कडेने ती चालण्याच्या वेगाने सरकते. मागे लांब सोडलेल्या दोरीच्या टोकाला स्मेल्टसारखी दिसणारी 'माशी', म्हणजे गळाला बांधलेले नकली आमिष, असते. याला तिथे हार्लिंग म्हणतात. वाइटाहानुई नदीच्या मुखाशी तर माणसे कमरेइतक्या पाण्यात खांद्याला खांदा लावून ओळीने उभी असतात. त्या रांगेला लाकडी कुंपणावरून 'पिकेट फेन्स' हे नाव पडले आहे. त्यांच्या बुटांखालची वाळू आता तूफारेतोआच्या नावावर आहे. आणि कोआरो पाहायचा असेल तर डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांत, धबधब्यांच्या वर जावे लागते. ओल्या खडकाला पोट चिकटवून तो उभा कडा चढतो, ट्राउटला ते जमत नाही.