हृदय थरथरतं तेव्हा

सोसायटीच्या हॉलमध्ये सीपीआरचं, म्हणजे अचानक कोसळलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं, प्रशिक्षण होतं. सतरंजीवर रबरी पुतळा आडवा ठेवला होता. मी गुडघे टेकून बसले, त्याच्या छातीच्या मधोमध पंज्याचा तळ ठेवला, वर दुसरा हात, कोपरं ताठ. दाबलं. पुतळा गप्प. 'अजून जोर लावा,' प्रशिक्षक म्हणाले. खांद्यांपासूनचा सगळा भार खाली टाकला तेव्हा कुठे आतून 'कट्' वाजलं. तेवढी खोली म्हणजे 5 सेंटिमीटर. मिनिटाला 100 ते 120 वेळा. दोन मिनिटांत घाम फुटला.

एवढा जोर लागतो, कारण छातीचं मधलं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये हृदय दाबायचं असतं. दाबलं की रक्त पुढे ढकललं जातं. हात सैल केला, छाती पूर्ण वर आली, की हृदय पुन्हा भरतं. म्हणून सोडणंही दाबण्याइतकंच महत्त्वाचं. आणि थांबायचं नाही. लागोपाठ दाब दिल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत दाब हळूहळू चढतो, हात थांबताच क्षणात उतरतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माणूस अचानक कोसळतो तेव्हा बरेचदा हृदय लगेच निपचित पडलेलं नसतं. ते थरथरत असतं. ढोल-ताशा पथकात प्रत्येकाने आपापला ठेका धरला तर नुसता कल्लोळ होईल, तसा प्रत्येक स्नायुतंतू वेगळा आकुंचन पावतो आणि रक्त जागचं हलत नाही. विजेचा शॉक त्या सगळ्यांना एकदम गप्प करतो, म्हणजे हृदयातल्या ताशाला, ठोक्यांची लय ठरवणाऱ्या नैसर्गिक पेसमेकरला, पुन्हा ठेका धरता येतो. पडद्यावर सरळ रेषा दिसली की शॉक देतात, हे सिनेमातलं दृश्य चूक आहे. अशा सरळ रेषेवर एईडी, म्हणजे स्वयंचलित शॉकयंत्र, शॉक देतच नाही. ते आधी स्वतः तपासतं.

या दोन उपायांची गाठ जुनी आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुत्र्यांवर शॉकचे प्रयोग चालले होते. इलेक्ट्रोड छातीवर दाबून धरले की शॉक देण्याआधीच रक्तदाब थोडा वाढतो, हे गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या नजरेने टिपलं. त्यातूनच 1960 साली छाती दाबण्याची पद्धत जगापुढे आली. 1965 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत नेता येईल असं शॉकयंत्र बनवलं. ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि वजन होतं सुमारे 70 किलो. आजचं एईडी एका हातात मावतं आणि काय करायचं ते बोलून सांगतं.

आपल्याकडे वेळ जातो तो तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात. हाक मारून, खांदा हलवून माणूस ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर 108 ला फोन करून लगेच छाती दाबायला घ्यायची. मधूनच घरघर, आचके दिसतात. तो श्वास नव्हे, आणि फसगत नेमकी तिथेच होते. उशिराचं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी करतं. तोंडाने श्वास द्यायला मन धजावत नसेल तर नुसतं दाबत राहावं. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, कधीकधी मोडतेही. पण मोडलेली बरगडी जुळते.

दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. शेजारच्या काकू सत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांना खाली बसता येईना. त्यांनी खुर्ची पुतळ्याजवळ ओढली, घड्याळ हातात घेतलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.