विगान: गाळाने अडवलेलं, गाळानेच राखलेलं गाव

मनिलाहून उत्तरेकडे जाणारी रात्रीची बस सुमारे चारशे किलोमीटर धावून पहाटेच्या सुमारास विगानला पोचते. इलोकोस सुर प्रांतातलं हे गाव. प्रवासी तिथे जातात ते मुख्यतः एका रस्त्यासाठी, काल्ये क्रिसोलोगोसाठी. पायाखाली दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना जुनी दुमजली घरं आणि घोड्यांच्या टापांचा आवाज. आपल्या टांग्यासारख्या गाडीला तिथे कालेसा म्हणतात. माहितीपत्रकांत याचं वर्णन ‘आशियातलं स्पॅनिश गाव’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. मला ते वर्णन विगानवर अन्याय करणारं वाटतं. या रस्त्यावरची घरं उभी केली ती चिनी बाप आणि इलोकानो, म्हणजे इलोकोसमधली स्थानिक, आई यांच्या वंशातल्या व्यापाऱ्यांनी. ती आजवर टिकली यात बांधणाऱ्यांच्या कौशल्याइतकाच एका नदीच्या गाळाचाही वाटा आहे.

स्पॅनिश येण्याआधीपासून इथे बंदर होतं. फूच्येनकडचे चिनी व्यापारी जहाजं घेऊन यायचे आणि कोर्दिलेरा डोंगरातून खाली येणारं सोनं, मेण असा माल घेऊन जायचे. गावाचं नावही नदीकाठचं आहे. अळूच्या जातीची, मोठाल्या पानांची एक वनस्पती तिथे माजलेली असे. तिला बिगा म्हणत, त्यावरून विगान झालं, असं बहुतेक मानतात. १५७२ मध्ये हुआन दे साल्सेदो हा मेक्सिकोत जन्मलेला तरुण सेनानी इथे आला. फिलिपिन्समध्ये स्पेनची सत्ता बसवणाऱ्या लेगास्पीचा हा नातू. त्याने राजा दुसऱ्या फिलिपच्या मुलाच्या नावावरून वसाहतीचं नाव व्हिया फर्नांदिना ठेवलं. १५७६ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, तो विगानमध्ये तापाने गेला. राजपुत्राचं नावही लोकांच्या तोंडी टिकलं नाही, टिकलं ते अळूचं.

गावाचा नकाशा मात्र स्पॅनिशच आहे, यात शंका नाही. नवी गावं कशी आखावीत याचे नियम फिलिपने १५७३ मध्ये काढले होते: मध्ये चौक, चौकाभोवती चर्च आणि कचेऱ्या, तिथून काटकोनात निघणारे रस्ते. विगानला असे दोन चौक शेजारीशेजारी आहेत, प्लाझा साल्सेदो आणि प्लाझा बुर्गोस. १७५८ मध्ये नुएव्हा सेगोव्हिया या धर्मप्रांताच्या बिशपचं पीठ लाल-लो या गावाहून इथे हलवलं गेलं आणि गावाचं वजन वाढलं. आजचं कॅथेड्रल १७९० ते १८०० या काळातलं. ते बुटकं आणि रुंद आहे, कारण हा भूकंपाचा मुलूख. घंटेचा मनोराही चर्चला चिकटून नाही, काही पावलं सोडून वेगळा उभा आहे. पडलाच तर चर्चच्या छपरावर पडू नये, हा त्यामागचा हिशेब.

खरी गंमत चौकाच्या दक्षिणेला आहे. चिनी व्यापाऱ्यांना फिलिपिन्समध्ये सांग्ले म्हणत, म्हणून त्यांची वस्ती ती कासांग्लायान. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, स्थानिक बायकांशी लग्नं केली आणि त्यांच्या मुलांचा मेस्तिसो नावाचा नवा वर्ग तयार झाला. सरकारदरबारी या मेस्तिसोंची गणना आणि करपट्टी मूळ रहिवाशांपेक्षा वेगळी असे. नीळ, तंबाखू, हातमागाचं कापड यांच्या व्यापारात ही घराणी वर आली. गावाजवळच्या नदीचं नावही मेस्तिसोच, तिच्यातून माल समुद्रापर्यंत जायचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हातात पैसा आला तेव्हा त्यांनी ही घरं बांधली.

अशा घरात शिरलं की पहिल्यांदा लागतो तो तळमजल्याचा सागुआन. इथे घोडागाड्या लागत, मालाच्या राशी रचल्या जात, आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकीचे संतमूर्तींचे रथही इथेच ठेवत. घरची माणसं राहायची वर. फिलिपिन्समधल्या अशा घरांचा वरचा मजला सहसा लाकडी असतो, विगानमध्ये मात्र कितीतरी घरांत विटांचीच भिंत थेट वरपर्यंत गेलेली दिसते. कौलारू छप्पर, लांबरुंद फळ्यांची जमीन, आणि खिडक्या. या खिडक्यांपाशी वाचकांनी जरा थांबावं अशी माझी विनंती आहे. लाकडी चौकटीत बुद्धिबळाच्या पटासारखे छोटे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात काचेऐवजी शिंपला. तो घासून-कापून पातळ केलेला, दुधी रंगाचा असतो. ऊन त्यातून गाळून आत येतं, डोळ्याला टोचत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल, कारण शिंपला त्याच जातीचा आहे. फिलिपिन्समध्ये त्याला कापिस म्हणतात. एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे स्पॅनिश, आणि काच महाग असताना दोन्ही किनाऱ्यांनी आपापल्या समुद्रातून उचललेली वस्तू एकच! विगानच्या खिडक्या रुळावर सरकतात, आणि त्यांच्या खाली जमिनीलगत आणखी एक छोटी जाळीदार खिडकी असते, तिचं नाव व्हेंतानिया. मोठी खिडकी बंद असली तरी तिच्यातून वारा खेळत राहतो.

या देखणेपणामागे रक्तही सांडलेलं आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतलं. ती मोहीम निघाली होती आपल्या मद्रासहून, आणि तिच्यात हिंदी शिपाईही होते. त्यांतले काही मनिलाजवळच्या काइंतात कायमचे राहिले. स्पॅनिश सत्ता डळमळलेली पाहून दिएगो सिलांगने इलोकोसमध्ये उठाव केला आणि विगान ताब्यात घेतलं. २८ मे १७६३ रोजी त्याच्याच एका मित्राने त्याला गोळी घातली. त्याची बायको गाब्रिएला हिने डोंगरातून माणसं जमवून विगानवर चाल केली. ती हरली, आणि २० सप्टेंबर १७६३ रोजी तिला विगानमध्ये जाहीर फाशी दिलं गेलं. चौकातल्या बाकावर बसताना एवढं तरी ठाऊक असावं.

पुढे १८०७ मध्ये सरकारने घरोघरी होणाऱ्या बासीवर बंदी आणली. बासी म्हणजे उसाच्या रसाची दारू, इलोकानो माणसाच्या लग्नामर्तिकाला लागणारी. त्यावरून पेटलेला उठाव विगानच्या वेशीजवळ, बांतावाय नदीवर चिरडला गेला. एस्तेबान व्हियानुएव्हा या चित्रकाराने १८२१ मध्ये त्याची चौदा चित्रं काढली, ती विगानच्या संग्रहालयात आहेत. एका चित्रात आकाशात धूमकेतू आहे. त्या वर्षी तो खरोखरच दिसला होता. १८७२ मध्ये मनिलात देहदंड झालेल्या तीन धर्मगुरूंपैकी होसे बुर्गोस विगानचे, कवयित्री लेओना फ्लोरेन्तिनोही इथलीच.

मग नदी गाळाने भरत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या बोटी गावापर्यंत येईनात. त्याच सुमारास युरोपात कारखान्यातला रंग आला आणि निळीचा धंदा बसला. इलोकोसमधली गरीब माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागली. १९०६ मध्ये गेलेल्या पहिल्या तुकडीत पंधरा जण होते. पैसेवाली घराणी मनिलाकडे सरकली. नवा पैसा आला नाही, म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपतही कुणाला राहिली नाही. विगान वाचलं ते आधी या पडत्या काळामुळे, असं माझं मत आहे. त्या काळी तिथे राहणाऱ्यांसाठी ती नुसती ओढगस्त होती, हेही विसरता येत नाही.

१९४५ मध्ये मनिलाची राखरांगोळी झाली. तिथला इंट्रामुरोस हा भिंतीआतला स्पॅनिश भाग बेचिराख झाला, अंदाजे एक लाख नागरिक मेले. विगानला जपानी फौज १० डिसेंबर १९४१ पासून होती, तरी गाव जळलं नाही. गावात याची एक हकीकत सांगतात: माघार घेताना एका जपानी अधिकाऱ्याने आपली फिलिपिनो बायको आणि मुलं पाद्र्याच्या हवाली केली, आणि पाद्र्याने बदल्यात एकच मागितलं, गाव जाळू नका. ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे, तशीच ती ऐकावी.

युद्धानंतर तंबाखूने पुन्हा पैसा आणला, आणि सोबत बंदुका. १८ ऑक्टोबर १९७० रोजी खासदार फ्लोरो क्रिसोलोगो यांना कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेच्या वेळी गोळी घालून मारलं. त्यांच्या घराचं संग्रहालय झालं आहे आणि रक्ताचे डाग पडलेले त्यांचे कपडे तिथे ठेवले आहेत. (रस्त्याचं नाव मात्र त्यांचं नव्हे, ते नाटककार मेना क्रिसोलोगो यांचं.) गावाने सूर बदलला तो नव्वदच्या दशकात. नगरपालिकेने जुन्या घरांसाठी नियम केले, मुख्य रस्त्यावरून मोटारी हटवल्या, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने विगानला जागतिक वारशात घेतलं.

जाणाऱ्याने काल्ये क्रिसोलोगोवर फोटो जरूर काढावेत, पण मग चालत पागबुर्नायानलाही जावं. चिन्यांनी आणलेली बुर्नाय रांजणांची कला तिथे अजून जिवंत आहे. चिखल रेड्याच्या पायांनी तुडवून घेतात, चाकावर घडवतात आणि उतारावर बांधलेल्या लांबलचक भट्टीत भाजतात. बासी मुरते ती याच रांजणांत, आणि सुका इलोको, म्हणजे उसाचं व्हिनेगरही. संध्याकाळी प्लाझा बुर्गोसला एम्पानाडाच्या गाड्या लागतात. तांदळाच्या पिठाची केशरी पारी हाताने थापायची, आत कच्च्या पपईचा कीस, लसणीची लोंगानिसा (सॉसेज), वर अंडं फोडायचं, करंजीसारखी मिटायची आणि कढईत सोडायची. नाव स्पॅनिश, आकार करंजीचा, आणि जोडीला तीच सुका इलोको.

२७ जुलै २०२२ रोजी शेजारच्या आब्रा प्रांतात ७ रिश्टरचा भूकंप झाला. विगानमध्ये भिंती तडकल्या, विटा रस्त्यावर आल्या, आणि पलीकडच्या बांतायच्या टेकडीवरच्या जुन्या मनोऱ्याचा भाग ढासळला. कॅथेड्रल उभं राहिलं. मेस्तिसो नदीच्या उथळ पाण्यातून आता प्रवाशांना फिरवणाऱ्या लहान होड्या जातात. निळीच्या गोण्या जिथून निघायच्या, तो काठ त्यांतून दिसतो.