जैवतंत्रज्ञानातील दुहेरी वापराचे धोके : आंतरराष्ट्रीय सहकार्यातून जागृती

जे ज्ञान, जी पद्धत किंवा जो जंतू लस, औषध अथवा पीकसुधारणेसाठी उपयोगी पडतो, तोच माणसांत, जनावरांत वा पिकांत जाणूनबुजून रोग पसरवण्यासाठीही वापरला जाऊ शकतो. या शक्यतेला जैवतंत्रज्ञानातील दुहेरी वापराचा धोका म्हणतात. अणुबॉम्बला लागणारे युरेनियम मोजता येते आणि कुलपात ठेवता येते. जंतू मात्र थेंबभर नमुन्यातून वाढवता येतो, आणि त्याविषयीचे ज्ञान शोधनिबंधांतून जगभर पोहोचलेले असते. त्यामुळे या क्षेत्रात पहिली राखण स्वतः संशोधकालाच करावी लागते, आणि आपल्या कामाला दुसरी बाजू असू शकते हे त्याला ठाऊक नसेल तर ती राखण होतच नाही.

मराठीत ‘जैवसुरक्षा’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : जंतू अपघाताने बाहेर पडू नये म्हणून घ्यायची खबरदारी, आणि तो कोणी हेतुपुरस्सर बाहेर नेऊ नये म्हणून घ्यायची खबरदारी. या दोन्हींची गल्लत झाली की हातमोजे, मास्क आणि बंद कपाटे एवढ्यावरच प्रशिक्षण थांबते. म्हणून या नोंदीत दुसऱ्या अर्थासाठी ‘जैवसंरक्षण’ हा शब्द योजला आहे.

या विषयाचा कायदेशीर पाया म्हणजे जैविक अस्त्रबंदी करार. १९२५ च्या जिनिव्हा संकेताने युद्धात जंतूंचा वापर निषिद्ध ठरवला होता, परंतु असे जंतू तयार करून साठवण्यावर बंदी नव्हती. १० एप्रिल १९७२ रोजी सह्यांसाठी खुला झालेला आणि २६ मार्च १९७५ पासून अंमलात आलेला हा करार अस्त्रांच्या एका संपूर्ण प्रकारावर बंदी घालणारा पहिला बहुराष्ट्रीय करार होय. भारताने त्याला १९७४ मध्ये अनुमोदन दिले. आज १८० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत. करारात निषिद्ध जंतूंची यादी नाही. जंतू कोणत्या हेतूने आणि किती प्रमाणात बाळगला, हीच त्याची कसोटी आहे.

या कराराचे मोठे दुबळेपण असे, की त्याला तपासनीस नाहीत. सोव्हिएत संघ कराराच्या तीन निक्षेपक (म्हणजे कराराची कागदपत्रे सांभाळणाऱ्या) देशांपैकी एक होता, तरीही तेथे जैविक अस्त्रांचा प्रचंड कार्यक्रम गुप्तपणे चालू राहिला. १९७९ मध्ये स्वर्दलोव्स्क येथील लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांसामुळे हे घडले, असा खुलासा सोव्हिएत अधिकारी वर्षानुवर्षे करत राहिले. १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी लष्कराची जबाबदारी मान्य केली. पडताळणीची यंत्रणा उभारण्यासाठी चाललेली बोलणी २००१ मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर फिसकटली. जिनिव्हातील अंमलबजावणी साहाय्य कक्ष २००६ च्या आढावा परिषदेने स्थापन केला, तोही मोजक्याच कर्मचाऱ्यांचा. तपासणीची वाट बंद झाल्यावर संशोधकांचे शिक्षण, आचारसंहिता आणि देशोदेशींच्या विज्ञानसंस्थांचा संवाद यांचे महत्त्व वाढले.

हेतू चांगला असूनही धोका कसा उद्भवतो, हे २००१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगाने दाखवले. तेथे धान्याच्या शेतांत उंदरांचा सुळसुळाट होतो. उंदीर मारण्यापेक्षा त्यांना वंध्य करणारा विषाणू बनवावा, या विचाराने कॅनबेरातील संशोधक उंदरांच्या देवीरोगाच्या विषाणूत जनुकीय बदल करत होते. बदललेल्या विषाणूने उंदरांची प्रतिकारशक्तीच मोडून काढली. लस दिलेले उंदीरही दगावले. माणसाच्या देवीरोगाशी असलेले त्याचे नाते लक्षात घेता हे प्रसिद्ध करावे की नाही, हा प्रश्न त्या संशोधकांना प्रयोगाचे निष्कर्ष हाती आल्यावर पडला. प्रयोग आखतानाच तो पडावा यासाठीची सवय त्या काळी फारशी शिकवली जात नव्हती, आणि या विषयाचे मर्म तेथेच आहे.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातील माल्कम डँडो आणि एक्सटर विद्यापीठातील ब्रायन रॅपर्ट यांनी पुढे अनेक देशांतील जीवशास्त्रज्ञांशी चर्चासत्रे घेतली. बहुतेकांनी या करारावर वा आपल्या संशोधनाच्या गैरवापरावर कधी गांभीर्याने विचारच केला नव्हता, असे त्यांना आढळले. निष्काळजीपणापेक्षा हा अभ्यासक्रमाचा दोष होता. एकतर्फी व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष प्रसंग समोर ठेवून केलेली चर्चा अधिक परिणामकारक ठरते, हेही या कामातून पुढे आले.

२०११ मध्ये नेदरलँड्समधील रॉन फूशिए आणि अमेरिकेतील योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी एच५एन१ बर्ड फ्ल्यूचा विषाणू काही बदलांनंतर फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकतो, असे स्वतंत्रपणे दाखवले. अमेरिकेच्या जैवसंरक्षणविषयक सल्लागार मंडळाने आधी तपशील वगळण्यास सांगितले आणि मार्च २०१२ मध्ये मत बदलले. नेदरलँड्सच्या सरकारने शोधनिबंध बाहेर पाठवण्यासाठी निर्यात परवाना मागितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत निबंध पूर्ण स्वरूपात, पण काही काळाने छापावेत, असे ठरले. संशोधकांनी स्वतःहून थांबवलेले हे काम सुमारे वर्षभर बंद होते. या वादाची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. फूशिए यांनी वापरलेला मूळ विषाणू इंडोनेशियातील होता, आणि याच इंडोनेशियाने २००७ मध्ये नमुने देणे थांबवले होते. आमच्या रुग्णांच्या नमुन्यांतून बनलेली लस आम्हालाच परवडत नाही, अशी त्या देशाची तक्रार होती. त्या तक्रारीतूनच २०११ मध्ये नमुने आणि लाभ यांच्या वाटपाची चौकट तयार झाली. ज्यांना लाभात वाटा नाही त्यांनी केवळ धोक्याची शिकवण ऐकावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि व्यवहारातही टिकत नाही.

कराराचे दहावे कलम शांततामय उपयोगासाठी सहकार्याची हमी देते. भारतासह अलिप्त देशांनी त्यावर सातत्याने भर दिला आहे. रासायनिक व जैविक अस्त्रांना उपयोगी पडू शकणाऱ्या मालाच्या निर्यात नियंत्रणासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑस्ट्रेलिया ग्रुप’कडे भारत दीर्घकाळ संशयाने पाहत होता, जानेवारी २०१८ मध्ये तो त्याचा सदस्य झाला. देशांतर्गत पातळीवर १९८९ चे जनुकीय बदल केलेल्या सजीवांसंबंधीचे नियम आणि २००५ चा महासंहारक अस्त्रांविषयीचा कायदा लागू आहेत. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. निपाहसारख्या विषाणूंवर तेथे काम होत असल्याने मराठी वाचकाला हा विषय परक्या मुलखातला मानता येत नाही.

अलीकडे जागृतीचे काम अनेक वाटांनी चालते. चीनमधील तिआनजिन विद्यापीठ, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि विज्ञान अकादमींचे जागतिक जाळे यांनी मिळून २०२१ मध्ये शास्त्रज्ञांसाठीची तिआनजिन मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. दोन्ही देशांत इतका ताण असताना हे साधले, याचे मोल मोठे आहे. जीवविज्ञानाच्या जबाबदार वापरासाठीची जागतिक आरोग्य संघटनेची चौकट २०२२ मध्ये आली. ‘आयजेम’ या जैवतंत्रज्ञानातील विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे संघही उतरले आहेत. तेथे प्रत्येक संघाला आपल्या प्रकल्पातील धोक्यांची माहिती सुरक्षा समितीपुढे मांडावी लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये विविध देशांच्या ३८ शास्त्रज्ञांनी ‘आरसा-जीवाणू’ बनवू नयेत असा इशारा दिला. नेहमीच्या रेणूंच्या आरशातील प्रतिमेसारख्या रेणूंपासून घडवलेले असे जीवाणू सजीवांच्या प्रतिकारशक्तीला ओळखताच येणार नाहीत, अशी त्यांना भीती वाटते. इशारा देणाऱ्यांपैकी काहीजण स्वतःच त्या दिशेने संशोधन करत होते. असा जीवाणू अद्याप कोठेही तयार झालेला नाही.