शर्यत लावली की कोणाचे हात चालतात?

संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर शाळकरी पोरं असतात, तसे त्यांचे बाप आणि आजोबाही असतात. मांजा गुंडाळायला इथे आसारी. शेजारच्या गच्चीवरचा पतंग अंगावर आला की आसारीवरचा हात आपोआप वेग घेतो, हे येवलेकराला वेगळं सांगायला नको. गंमत अशी की स्पर्धेवरचा मानसशास्त्रातला पहिला गाजलेला प्रयोगसुद्धा दोरा गुंडाळण्याचाच होता. सायकलस्वार एकट्यापेक्षा दुसऱ्यासोबत जास्त जोरात जातात, हे शर्यतींच्या नोंदींत पाहून अमेरिकेतल्या नॉर्मन ट्रिपलेट यांनी ४० मुलांच्या हातात मासेमारीची रिळं दिली. कधी एकट्याने फिरवायची, कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून. निष्कर्ष १८९८ मध्ये छापून आले. २० मुलांचा वेग शेजारी कोणी असताना वाढला, १० जणांना फारसा फरक पडला नाही आणि १० मुलं चक्क मंदावली. घाई झाली, हात अडखळले.

पुढे लोकांच्या लक्षात राहिली ती पहिली वीस. २००५ मध्ये आजच्या संख्याशास्त्राने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा फरक अगदी किरकोळ निघाला. मला मात्र त्या मंदावलेल्या दहांमध्ये जास्त रस आहे.

त्यांचं कोडं बऱ्याच अंशी उलगडलं ते २०१२ मध्ये. को मुरायामा आणि अँड्र्यू इलियट यांनी कित्येक दशकांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. स्पर्धेमुळे कामगिरी किती सुधारते? सरासरी काढली तर जवळजवळ शून्य. पण हे शून्य दोन उलट्या गोष्टींच्या बेरजेतून आलेलं होतं. स्पर्धा लागली की काहींच्या मनात ‘जिंकायचंय’ येतं आणि कामगिरी सुधारते. काहींच्या मनात ‘हसं व्हायला नको’ येतं आणि कामगिरी घसरते. एकच मूल खो-खोच्या मैदानावर पहिल्या प्रकारचं आणि गणिताच्या तासाला दुसऱ्या प्रकारचं असू शकतं. त्यामुळे ‘आमचा मुलगा स्पर्धेतच फुलतो’ असं कोणी म्हटलं, की कुठल्या विषयात, हे विचारावंसं वाटतं.

नाशिकच्या कॉलेज रोडवरून निकालाच्या दिवसांत गेलं, तर क्लासेसच्या फ्लेक्सवर फोटो आणि त्याखाली रँक. पालकांची समजूत अशी की जितकी मोठी बॅच, तितकी मुलं पेटून उठतील. स्टीफन गार्सिया आणि अविशालोम टोर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याच्या उलट दिसलं. विद्यार्थ्यांना एक सोपी प्रश्नमंजुषा दिली आणि सर्वांत जलद सोडवणाऱ्या २० टक्क्यांना बक्षीस ठेवलं. काहींना सांगितलं, तुम्ही १० जणांशी स्पर्धा करताय. काहींना सांगितलं, १०० जणांशी. बक्षीस मिळण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. तरी दहावाल्यांनी ती सुमारे २९ सेकंदांत संपवली आणि शंभरवाल्यांना ३३ लागले. प्रतिस्पर्ध्याला चेहरा असेल तर जोर चढतो. गर्दीशी कोण आणि कसली शर्यत लावणार?

शर्यत संपल्यावर काय होतं, हेही बघायला हवं. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये काहींना कोडी सोडवायला देताना शेजाऱ्याला हरवायला सांगितलं, काहींना नुसतीच सोडवायला. नंतर मोकळा वेळ दिला. हरवायला बसलेल्यांनी त्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. पाठ झालेले पाढे भराभर म्हणून घ्यायचे असतील तर चुरस लावायला माझी हरकत नाही. नवं काही शिकायचं असेल, गोडी लागायची असेल, तिथे मी रँक लावणार नाही.

म्हणजे सहकार्य जिंकलं? तेही सरळ नाही. फ्रान्समध्ये माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावला होता. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येई. शाळेतला गटप्रकल्प आठवा: तक्ता एकाच मुलीने रंगवायचा आणि खाली नावं सहा जणांची.

याच्या अगदी उलट अनुभव जर्मनीच्या ओटो क्योलर यांना १९२० च्या दशकात आला, बर्लिनच्या नौकानयन क्लबात. दोघांनी मिळून एक वजन उचलत राहायचं. एक थकला की दोघांचं काम थांबतं. अशा वेळी दोघांतला कमी ताकदीचा एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. अट एकच, दोघांच्या ताकदीत फार अंतर नको. दोराच्या खेळात आपला वाटा कुणाला दिसत नाही. इथे तो दिसतो आणि त्यावर दुसऱ्याचं काम अडलेलं असतं.

नौकानयन म्हटलं की नाशिककरांना चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवणारच. रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकट्याने वल्हवायच्या होडीत उतरला होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तब्येत बिघडल्याने तो एकेरीत सहावा आला आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या होडीतून सुवर्णपदक घेऊन आला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण चौघांच्या होडीत एकाचं वल्हं ढिलं पडलं तर बाकीच्या तिघांना ते लगेच कळतं.

वर्गात अशी होडी कशी बांधायची, हे इलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत करून पाहिलं. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. आपल्याकडे गोदावरीचा धडा घेतला तर एकीकडे ब्रह्मगिरीचा उगम, दुसऱ्याकडे गंगापूर धरण, तिसरीकडे नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी, चौथ्याकडे जायकवाडी. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची. मग मागच्या बाकावरच्या अबोल मुलाचं बोलणं वर्गातल्या हुशार मुलीलाही कान देऊन ऐकावं लागतं. पुढच्या अभ्यासांत फायदा सगळीकडे सारखा दिसलेला नाही, बरंचसं शिक्षकावर अवलंबून असतं.

आणि मोठ्या माणसांचं? ब्राझीलमधल्या कोळ्यांवरचा २०१३ चा एक अभ्यास इथे कामाचा आहे. तिथे तळ्यातले कोळी एकेकटे मासेमारी करतात, समुद्रावरचे टोळीने. दोघांनाही एक खेळ दिला: ठरलेलं मानधन घ्या किंवा दुसऱ्याशी स्पर्धा लावा. तळ्यातल्यांनी स्पर्धा जास्त निवडली, आणि धंद्यात जितकी वर्षं जास्त काढलेली तितका हा फरक वाढलेला. म्हणजे चुरशीची हौस कामाच्या रीतीनेही घडते. नाशिक जिल्ह्यात तर दोन्ही रीती शेजारी शेजारी आहेत. लासलगावच्या लिलावात आपला कांदा घेऊन एकेकटे उभे राहणारे शेतकरी आणि मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समधून एकत्र द्राक्ष निर्यात करणारे शेतकरी, या दोघांपुढे तोच खेळ ठेवून पाहायला हवा.