चकचकीत पत्रा गार का राहत नाही?

मे महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दुपारी पाऊल टाकले की डोक्यावरचा पत्राच आपल्याला भाजतो आहे असे वाटते. तरीही नवे छत घालताना अनेक जण रंग न दिलेला, आरशासारखा पत्रा मागतात. चकाकणारा पत्रा ऊन परतवतो, म्हणून तो गार राहतो, असा त्यामागचा समज असतो. यातला पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे.

छत किती तापेल हे दोन गोष्टींवर ठरते: ते किती ऊन शोषते आणि शोषलेली उष्णता किती सहज बाहेर टाकते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा असल्याने त्याची ऊर्जा मुख्यतः ०.३ ते २.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीत येते, तर ६० अंशांचे छत ९ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत, सर्वाधिक ऊर्जा सोडते. या दोन पट्ट्यांत एकच पदार्थ अगदी निराळा वागू शकतो. चुना उन्हाला पांढरा असतो, पण अवरक्ताला जवळजवळ काळा, म्हणजे ते बहुतेक शोषून घेणारा. आणि कीर्खॉफच्या नियमानुसार ज्या तरंगलांबीला पदार्थ चांगला शोषक, तिथेच तो चांगला उत्सर्जकही असतो. ६० अंशांचा आदर्श काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट ऊर्जा बाहेर टाकतो. पांढरा रंग त्याच्या नऊ दशांशांपर्यंत पोहोचतो. नवा, उघडा धातू मात्र एक-दोन दशांशांतच अडकतो. भर दुपारच्या सुमारे १,००० वॅट उन्हापैकी पत्र्याने थोडेच शोषले, तरी वाऱ्याखेरीज त्याला ते सोपवायला कोणी नसते. शिवाय वर्षा-दोन वर्षांत चकाकी जाते आणि शोषण वाढते.

तापण्याचा टिकाऊपणाशी थेट संबंध आहे. सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर जवळपास ३ मिलिमीटर लांबतो, आणि रात्री पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूची भोके सैल होतात, रबरी वायसर कडक होऊन चिरतात आणि पहिल्या वळवात घरात थेंब पडू लागतात. त्यामुळे पत्रा घेताना जाडीबरोबर जस्ताचा थरही विचारावा. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेला पत्रा १२० ग्रॅमवाल्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ गंज रोखतो.  

गंमत अशी, की वरच्या बाजूला दोष ठरणारा धातूचा हा कंजूषपणा पत्र्याखाली गुण ठरतो. पत्र्याखाली अॅल्युमिनियमची फॉइल लावली, तर ती खोलीकडे फारच थोडी उष्णता उत्सर्जित करते. मात्र तिच्यात आणि पत्र्यात दोन-अडीच सेंटीमीटरची पोकळी हवी. पत्र्याला चिकटून बसवली तर वहनाने तीही तेवढीच तापते. कोणत्याही ‘नॅनो’ रंगाच्या जाहिरातीवर पैसे घालण्याआधी वरून साधा पांढरा रंग आणि खाली पोकळीसह फॉइल, एवढे करून पाहावे.

जुन्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, यातले काहीच लागत नाही. पांढऱ्या मातीच्या जाड थरातून दुपारची उष्णता झिरपत आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसे अंथरुणे घेऊन वर गेलेली असतात.