आधी वाकळ, मग पेंटिंग

अमूर्त पेंटिंग समोर ठेवून कापडाचे थर लावत त्याची आर्ट क्विल्ट, म्हणजे भिंतीवर लावायची चित्रासारखी वाकळ, करायची, हे रील्सवर बघितलं की आपल्याकडं बेळगाव-खानापूर भागात बायका म्हणतात ही काय फॉरेनची फॅशन. पण मागं जाऊन बगा, कापड आधी आणि कॅनव्हास नंतर असंच बऱ्याचदा झालंय.

१९११ साली पॅरिसमध्ये सोनिया दलोने या चित्रकार बाईनं आपल्या तान्ह्या पोरासाठी कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवलं, युक्रेनकडं शेतकऱ्यांच्या घरात लहानपणी बघितलेलं तसं, आणि ते बघून तिला आणि आजूबाजूच्यांना क्युबिझम (वस्तू तुकड्या-तुकड्यांच्या आकारात मांडणारी चित्रशैली) आठवला, मग तीच पद्धत ती पेंटिंगमध्ये वापरायला लागली. म्हणजे बाळाच्या दुपट्यातनं अमूर्त चित्र निघालं की! पुढं १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या अमेरिकन क्विल्ट पलंगावरनं काढून पेंटिंगसारख्या भिंतीवर लावल्या. शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मात्र कुणाला माहीत नव्हती, ते नेहमीचंच. १९७९ पासून अमेरिकेतल्या ओहायोत आर्ट क्विल्टचं वेगळं प्रदर्शनच सुरू झालं.

आता आपल्याकडचं. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, जवळनं बघण्यासारखी असते. आधी ड्रॉइंग वगैरे काही नाही, खाली जुनी साडी, एका कोपऱ्यातनं सुरुवात, कडेकडेनं ठिगळं दुमडून धावदोरा घालत आत मध्यापर्यंत यायचं, शेवटी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांचे ‘फुल्ले’. कुठला रंग कुठल्या शेजारी बसवायचा हे हात चालता चालता ठरतं.

पेंटिंगवरनं करताना हेच उलटं होतं, आकार आधीच ठरलेला असतो. काळ्या पट्ट्या आणि रंगीत चौकोनांची चित्रं काढणारा डच चित्रकार माँड्रियान सोपा वाटतो पण त्याची काळी पट्टी एक सूत जरी हलली तरी लगेच दिसते, माझ्या मते सुरुवातीला त्याच्या नादाला लागू नये. थरांच्या कामाला आपल्याकडचे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं जास्त जवळची, कारण ते रोलरनं पातळ रंगाचे थर एकावर एक चढवायचे आणि खालचा रंग वरनं झिरपल्यासारखा दिसायचा. कापडात ते काम जाळीचं (नेटचं) कापड नाहीतर ऑर्गंझा, म्हणजे पातळ पारदर्शक कापड, करतं, दोन रंगांच्या सांध्यावर जाळीचा एक तुकडा टाकला की सांधा मऊ होतो. फक्त सिंथेटिक जाळीवर गरम इस्त्री थेट ठेवलात तर ती वितळून चिकटणार, मध्ये सुती फडकं पाहिजेच. खालच्या थराला धुऊन धुऊन विटलेलं इरकल लुगडं घ्या, नव्या कापडाला तसली छटा येतच नाही.

विकायचा विचार असेल तर एक बघून ठेवा, आपल्याकडं कॉपीराइट चित्रकार गेल्यावर ६० वर्षं चालतो. माँड्रियान १९४४ ला गेला, तिथं अडचण नाही. गायतोंडे २००१ ला गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत परवानगी काढावी लागणार.