कारखान्यासाठी महीवरून पाईपलाईन आणायची आहे? बडोदेकर उद्योजकांसाठी पर्यावरण मूल्यांकन, पात्रता आणि कागदपत्रं

मकरपुऱ्यात, नंदेसरीला किंवा सावलीकडे युनिट चालवणारे आपले मराठी उद्योजक एक प्रश्न नेहमी विचारतात: मही नदीवरून कारखान्यापर्यंत पाण्याची लाईन टाकली तर पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, घ्यावी लागते का? उत्तर असं आहे की नुसत्या पाण्याच्या पाईपलाईनला ती लागत नाही. कोणत्या प्रकल्पाला आधी मंजुरी हवी हे १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या परिशिष्टात दिलेलं आहे. त्यात पाईपलाईन आहे, पण ती तेलाची आणि गॅसची, आणि तीही राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संवेदनशील क्षेत्रातून जाणारी. पाण्याच्या लाईनचा त्यात उल्लेख नाही.

हे ऐकून बरेच जण निश्चिंत होतात आणि थेट पाईपचे दर मागवायला लागतात. माझा आक्षेप इथेच आहे. ईसी लागत नाही याचा अर्थ पर्यावरणाबद्दल कुणी विचारणार नाही असा होत नाही. नदीतून किती पाणी उचलणार हे जलसंपत्ती खातं विचारतं. झाडांचं वनखातं विचारतं, जमिनीचं मामलतदार कचेरी विचारते, आणि वापरलेलं पाणी शेवटी कुठे सोडणार हे प्रदूषण नियंत्रण मंडळ विचारतं. म्हणजे मूल्यांकन होतंच, फक्त तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या टेबलावर. चार वेगळ्या नकाशांवर चार वेगळी उत्तरं गेली की फाईल अडकते. म्हणून मार्ग पक्का करण्याआधीच स्वतः एक सलग अहवाल करून घ्या आणि सगळ्या अर्जांना तोच जोडा. कायदा तो मागत नसला तरी.

ईसी केव्हा लागतेच

लाईन नव्या औद्योगिक वसाहतीचा भाग असेल तर वसाहत स्वतःच परिशिष्टातल्या कलम ७(क) मध्ये बसू शकते, आणि मग तिच्या ईआयएमध्ये पाण्याचा स्रोत आणि लाईन दोन्ही दाखवावी लागतात.

दुसरी शक्यता जास्त वेळा येते आणि तीच जास्त वेळा सुटते. सिंथेटिक ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना असेल, जादा पाणी आणून उत्पादन वाढवायचं असेल, तर ते विस्तारीकरण झालं. लाईनला नाही, पण कारखान्याला सुधारित ईसी लागेल. त्या अर्जात वॉटर बॅलन्स द्यावा लागतो: ताजं पाणी किती, पुनर्वापर किती, सांडपाणी किती. सोबत पाणी देणाऱ्या यंत्रणेचं पत्र. पत्रातला आकडा आणि वॉटर बॅलन्समधला आकडा जुळला नाही तर तज्ज्ञ मूल्यांकन समिती पहिला प्रश्न त्यावरच काढते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात वडोदरा अतिप्रदूषित क्षेत्रांत होतं, त्यामुळे इथल्या विस्तारीकरणाकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

पूर्ण ईआयए लागली तर ती नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागाराकडूनच करून घ्यावी लागते, आणि हवा, पाणी, माती, आवाज यांची पावसाळा सोडून एका ऋतूची मोजणी त्यात असते. जनसुनावणीला किमान ३० दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश गुजरातीतही ठेवावा लागतो. तो सारांश यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका. गावातली माणसं तो खरोखर वाचतात.

तिसरी बाब किनारा नियमन क्षेत्राची. महीत खाडीकडून भरती आत शिरते. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात जिथवर पाण्याची क्षारता हजारी ५ भाग भरते, तिथवरचा नदीचा पट्टा भरतीच्या प्रभावाखालचा धरतात, आणि तिथे या क्षेत्राचे नियम लागू होऊ शकतात. पाणी उचलण्याची जागा पादऱ्याच्या बाजूला, खालच्या अंगाला असेल तर ही तपासणी आधी करा.

अर्ज कोण करू शकतो

कंपनी, भागीदारी संस्था, नोंदणीकृत उद्योग संघटना किंवा जीआयडीसी (गुजरात औद्योगिक विकास महामंडळ) यांपैकी कुणीही प्रकल्प प्रस्तावक होऊ शकतं. अनेक युनिटं मिळून लाईन आणणार असतील तर आधी एक नोंदणीकृत संस्था उभी करा आणि सही करणाऱ्याच्या नावाने ठराव करा, कारण परवानगीतल्या अटी ज्याच्या नावावर असतात त्यालाच त्या पुढे पाळाव्या लागतात. युनिट जीआयडीसी वसाहतीत असेल तर स्वतंत्र लाईनचा विचार करण्यापूर्वी जीआयडीसीकडे वाढीव पाण्याची मागणी नोंदवा. तिथून लेखी नकार किंवा मर्यादा आली तर ते पत्र पुढे ‘पर्याय तपासले’ याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

पाणी कुठून उचलणार

अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. पाईप जमिनीत गेला की दोन पावसाळ्यांत चराचा मागही दिसत नाही, पण नदीतून उपसा वर्षानुवर्षं चालतो.

बडोद्याला पाणी मिळतं ते सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवरातून आणि महीतल्या फ्रेंच विहिरींमधून. रायका, फाजलपूर, पोइचा, दोडका ही नावं आपल्या कानावरची आहेत. फ्रेंच विहीर म्हणजे पात्रात उतरवलेली मोठी विहीर. तिच्या तळाशी आडव्या जाळीदार नळ्या वाळूत चारी बाजूंनी पसरलेल्या असतात आणि पाणी वाळूतून गाळून आत येतं. तुमची उपशाची जागा अशा विहिरीजवळ असेल तर दोन्ही उपसे एकाच वाळूतून होणार. वाळूतली पातळी मे महिन्यात किती खाली जाते, पंपिंगची चाचणी केल्यावर शेजारच्या विहिरीत किती फरक पडतो, हे मोजलेलं असलं पाहिजे. वर्षाची सरासरी दाखवून काम भागत नाही. वर वणाकबोरीला बंधारा आहे, त्याच्याही वर कडाणा धरण. पावसाळा संपला की खाली किती पाणी येणार हे वरच्या सोडण्यावर ठरतं. सरासरीत ऑगस्टचा पूर मिसळलेला असतो, आणि मेमधली नदी त्याच्या आड दडून जाते.

पाण्याच्या वाटपासाठी अर्ज राज्याच्या नर्मदा, जलसंपत्ती, पाणीपुरवठा व कल्पसर विभागाकडे जातो. त्यासोबत दररोजची आणि वर्षाची मागणी, उपशाच्या जागेचे अक्षांश-रेखांश, पंपाची क्षमता, मीटर कुठे बसणार, सांडपाण्याची व्यवस्था आणि पुनर्वापराचा आराखडा जोडा. कालव्यातून पाणी हवं असेल तर सरदार सरोवर नर्मदा निगमकडे जावं लागतं.

रस्त्याच्या कडेने टाकू, वन कुठे येतंय?

येतं. गुजरातेत रस्त्याकडेच्या आणि कालव्याकाठच्या बऱ्याच झाडपट्ट्या संरक्षित वन म्हणून अधिसूचित आहेत. डोळ्यांना तिथे चार कडुलिंब आणि बाभळी दिसतात, कागदावर ते वन असतं. म्हणून बांधकाम खात्याची परवानगी हातात आली तरी वनखात्याकडून मार्गाची खातरजमा करून घ्या.

वनजमीन लागत असेल तर १९८० च्या वन संरक्षण कायद्याखाली (२०२३ पासून त्याचं नाव वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम) केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज होतो. मार्गाची केएमएल फाईल (संगणकीय नकाशावर मार्ग दाखवणारी), डीजीपीएस म्हणजे उपग्रहाधारित अचूक मोजणीचा नकाशा, १:५०,००० चा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, झाडांची जात आणि घेर यांसह यादी, वनहक्क कायद्याबाबत जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, भरपाई वनीकरणाची योजना, आणि वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य भरण्याची हमी ही मुख्य कागदपत्रं. सोबत एक टिपण लागतं: याच जागेतून का, आणि दुसरे कोणते मार्ग तपासले? बहुतेक अर्ज या टिपणातच कच्चे असतात. ‘दुसरा पर्याय नाही’ एवढं एक वाक्य लिहून चालत नाही. निदान तीन मार्ग काढा, प्रत्येकाची लांबी, झाडं, वनक्षेत्र आणि खर्च शेजारी शेजारी मांडा. मंजुरी दोन टप्प्यांत मिळते, आधी तत्त्वतः, मग अंतिम.

लाईन पूर्वेला वाघोडिया-हालोलकडे वळत असेल तर जांबुघोडा अभयारण्याचं अंतर मोजा. डभोईकडे असेल तर २०२१ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलेली वढवाणा ही पाणथळ जागा आहे.

विश्वामित्री ओलांडताना

आपल्या शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात, आणि मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती काठाच्या मातीत बिळं करते. अंडी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान घालते आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. कंत्राटदाराला चर खोदायला आवडतो तोही नेमका हाच काळ, कारण नदीत पाणी कमी असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं कायद्याच्या व्याख्येत शिकारच धरलं जातं, हे साइटवरच्या सुपरवायझरला माहीत असायला हवं.

यावर उपाय आहे. नदी आणि मोठे कोतर (घळ) ओलांडताना उघडा चर न खोदता काठापासून लांब खड्डा घेऊन पात्राच्या खालून ड्रिलिंगने पाईप न्यायचा. खर्च वाढतो, पण मला तो वाढीव खर्च वाटत नाही, तो या नदीवर काम करण्याचा खर्च आहे. ड्रिलिंग परवडतच नसेल तर निदान वनखात्याच्या माणसासोबत काठाची पाहणी करा, बिळांच्या जागा नकाशावर घ्या आणि मार्ग सरकवा. पावसाळ्यात चर उघडा ठेवू नका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये आल्या होत्या. पाण्याने भरलेला लांब चर त्यांना आणखी आतवर घेऊन येईल.

चर, माती आणि चाचणीचं पाणी

६०० मिमी व्यासाच्या लाईनसाठी चर साधारण १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल धरला तर एका किलोमीटरला २,१६० घनमीटर माती निघते. त्यातली सुमारे २८३ घनमीटर जागा पाईपच घेतो, त्याखाली वाळूचा थर वेगळा. उरलेली माती कुठे जाणार ते आधी लिहा, नाहीतर ती जवळच्या कांसात, म्हणजे पाण्याच्या नाल्यात, लोटली जाते आणि पुढच्या पावसात शेतं तुंबतात. वरची काळी माती वेगळ्या ढिगात ठेवायची आणि शेवटी वरच टाकायची. खालचा मुरूम वर आला तर त्या पट्ट्यात कपाशी उभी राहत नाही.

लाईन सुरू करण्याआधी ती पाण्याने भरून दाबाखाली तपासतात. वर काढलेला आकडाच घ्या: किलोमीटरला २.८३ लाख लिटर. वीस किलोमीटरची लाईन एकाच वेळी रिकामी केली तर ५६ लाख लिटरहून जास्त पाणी, गंजासकट, एका जागी सुटतं. म्हणून तुकड्यातुकड्याने चाचणी करा आणि तेच पाणी पुढच्या तुकड्यात वापरा. लाईन रिकामी करण्याचा स्कोअर व्हॉल्व्ह कुणाच्या शेतात उघडतो हे नकाशावर दाखवा. शेतकऱ्यांशी पुढे होणारी भांडणं बहुतेक याच व्हॉल्व्हवरून असतात.

जमीन आणि ओलांडण्या

शेतातून जाण्यासाठी गुजरातेत पाणी व गॅस पाईपलाईनसाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. १९६२ चा केंद्रीय कायदा पेट्रोलियम आणि खनिजांचा आहे, पाण्याला तो लावता येत नाही. वापराच्या हक्कात मालकी शेतकऱ्याचीच राहते, पण त्या पट्ट्यात घर, विहीर किंवा झाड करता येत नाही. हे बंधन त्याला पैसे देण्याआधी सांगा, सहीच्या दिवशी नाही. ७/१२, ८-अ, गावनकाशा आणि सर्व्हे नंबरवार यादी तयार ठेवा. जमीन नवी शरतची (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली) आहे का, मधे गौचर (गायरान) येतं का, हे तलाठ्याकडून पाहून घ्या.

रेल्वे, महामार्ग आणि कालवा यांच्या परवानग्या ज्याच्या त्याच्या. उत्तर भागात कोयली रिफायनरीच्या तेलाच्या लाईन आडव्या येतात. त्यांच्या पट्ट्यात लेखी परवानगीशिवाय जेसीबी लावायचा नाही.

अर्जांचा क्रम

आधी पाण्याचं तत्त्वतः पत्र. ते येईपर्यंत उन्हाळ्यातली मोजणी उरकून घ्या, कारण ती हुकली की वर्ष गेलं. मग तीन मार्गांची तुलना आणि वनखात्याची खातरजमा. मार्ग ठरला की वन, जमीन आणि ओलांडण्या हे अर्ज एकाच वेळी, एकाच नकाशावर. कारखान्याची सुधारित ईसी लागणार असेल तर तो अर्जही याच सुमाराला. पाईपची ऑर्डर मात्र वनाची तत्त्वतः मंजुरी हातात येईपर्यंत देऊ नका. पाईप आवारात येऊन पडला की मार्ग बदलायला कुणी तयार होत नाही.